झोपायला उठणारी खार

श्रोतेहो, नमस्कार.

थंडीत कपातला चहा बोलता बोलता निवतो, पण बंबातलं पाणी तासाभरानंतरही कढत लागतं. उंदीर, खार, वटवाघूळ यांची हिवाळ्यातली अडचण नेमकी हीच. इवल्याशा अंगात उष्णता मावते थोडी आणि अंगाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ती भराभर निसटते. ऊब टिकवायची तर सारखं खात राहायला हवं. बर्फाळ प्रदेशात नेमकं तेव्हाच खायला काही नसतं.

मग काही प्राणी आतली चूलच मंद करतात. सायबेरियातला हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी दिवसातले काही तास अंग गार पडू देतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण मला आज सांगायचं आहे ते अलास्कातल्या आर्क्टिक खारीबद्दल.

ही खार झाडावर नाही, जमिनीत बीळ करून राहते. वर्षाचे सात-आठ महिने ती त्या बिळात अंगाची गुंडाळी करून पडून असते. अलास्कातल्याच फेअरबँक्स शहरातले शास्त्रज्ञ ब्रायन बार्न्स यांनी या खारींच्या पोटात तापमान कळवणारे चिमुकले रेडिओ ट्रान्समीटर बसवले. १९८९ साली त्यांनी जो आकडा प्रसिद्ध केला, तो आजही वाचताना मी थांबतो: उणे २.९ अंश सेल्सिअस. जिवंत खारीच्या पोटातलं तापमान! तरीही रक्त गोठलेलं नसतं. त्यात गोठण रोखणारा खास पदार्थही सापडला नाही. बर्फाचा पहिला कण धरायला काहीतरी निमित्त लागतं. ते मिळालं नाही, तर पातळ पदार्थ शून्याखाली जाऊनही पातळ राहू शकतो.

आपण याला शीतनिद्रा म्हणतो. पण ही निद्रा आहे का? दर दोन-तीन आठवड्यांनी ही खार जागी होते. खांद्यांपाशी आणि मानेत साठवलेली तपकिरी चरबी आधी पेटते. आपल्या तान्ह्या बाळांच्या अंगातही अशी चरबी असते, न कुडकुडता ऊब देणारी. मग खार थरथरू लागते आणि काही तासांत तिचं अंग आपल्याइतकं गरम होतं. इतकी शिदोरी खर्चून ती करते काय? बराचसा वेळ चक्क झोपते! इतक्या गार मेंदूला खरी झोप लागतच नसावी, म्हणून ती साठलेली झोप भरून काढायला उठते, असं १९९१ साली काही संशोधकांनी मांडलं. दिवसभराच्या आत ती पुन्हा गार पडते.

हिवाळ्यासाठी साठवलेल्या चरबीचा फार मोठा वाटा या मोजक्या जागरणांतच संपतो. पडून राहणं स्वस्त, उठणं महाग.

हा हिशेब कुणी बिघडवला तर काय होतं, ते अमेरिकेतल्या वटवाघळांनी भोगलं. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं दिसली. थंडी मानवणारी ही बुरशी त्यांच्या नाकाची आणि पंखांची कातडी पोखरते. त्रासलेली वटवाघळं पुन्हा पुन्हा जागी होतात आणि प्रत्येक वेळी वसंतासाठी राखलेली चरबी जाळतात. ऐन हिवाळ्यात, भर दिवसा, बर्फावरून वटवाघळं उडताना दिसू लागली. ती किडे शोधत होती. तेव्हा तिथे किडे नसतात. लाखोंनी मेली. माणसांच्या बुटांवरून, दोरांवरून बुरशी पसरू नये आणि उरलेल्यांची झोप मोडू नये, म्हणून कित्येक गुहा लोकांसाठी बंद केल्या गेल्या. मला तो निर्णय फार योग्य वाटतो.

तिथल्या छोट्या तपकिरी वटवाघळांचे काही थवे मात्र तगले आहेत. त्यांतल्या काहींचं वजन पाहिलं, तेव्हा ती पूर्वीपेक्षा जास्त चरबी अंगावर घेऊन गुहेत शिरताना आढळली.

नमस्कार.