एबोच्या अरण्यातील एक नवे झाड

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या झाडाविषयी बोलायचे आहे, ते आफ्रिकेतील कॅमेरून या देशात, एबो नावाच्या सदाहरित अरण्यात वाढते. त्याची उंची जेमतेम चार मीटर असल्यामुळे, माथ्यावर उंच वृक्षांचे छत पसरलेल्या त्या जंगलात ते सहज नजरेआड होते. परंतु फुलोरा आला की त्याच्याकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते, कारण त्याची चकचकीत, हिरवट पिवळी फुले फांद्यांच्या टोकांना न लागता थेट खोडावर उमलतात. फणस खोडाला लागलेला आपण पाहतो, पण फुलांनी मढलेले खोड पाहण्याचा योग विरळाच!

हे झाड सीताफळाच्या कुळातील आहे. जानेवारी 2022 मध्ये इंग्लंडच्या क्यू येथील वनस्पती उद्यानातील आणि कॅमेरूनमधील शास्त्रज्ञांनी त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘उव्हॅरिऑप्सिस डिकॅप्रिओ’ असे नाव दिले. या प्रजातीचे वेगळेपण अगदी बारीक खुणेत आहे: तिच्या पाकळ्यांच्या बाहेरील बाजूस लव मुळीच नसते, आणि एवढ्या एका गोष्टीनेही ती आपल्या जवळच्या भाईबंदांपासून निराळी ठरते. असा निर्वाळा देण्यासाठी वाळवलेले नमुने पूर्वी नोंदलेल्या प्रजातींच्या नमुन्यांशी एकेक करून ताडून पाहावे लागतात. ‘नवी’ हा शब्दही येथे जपूनच घ्यावा, कारण झाड जुनेच असते. नवी असते ती त्याची शास्त्रीय ओळख.

नावामागची हकिकत मला विशेष महत्त्वाची वाटते. 2020 साली एबोच्या मोठ्या भागात लाकूडतोडीला परवानगी देण्याचे घाटत होते. हे जंगल गोरिला आणि चिंपांझी यांचा अधिवास असून बानेन लोकांची ती पूर्वजांची भूमी आहे. स्थानिक लोकांनी, संशोधकांनी आणि निसर्गप्रेमींनी या बेताला कसून विरोध केला, अभिनेते लिओनार्डो डिकॅप्रिओ यांनी समाजमाध्यमांवरून तो जगभर पोहोचवला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने निर्णय मागे घेतला. त्याबद्दलची कृतज्ञता म्हणून झाडाला त्यांचे नाव मिळाले. त्या दिवसांत कुऱ्हाड चालली असती, तर ही प्रजाती शास्त्राच्या दप्तरात नोंद होण्याआधीच जगातून नाहीशी होण्याचा धोका होता.

नाव मिळाल्यामुळे निदान तिच्या धोक्याची मोजणी तरी करता आली, कारण निनावी झाडाला संकटग्रस्तांच्या यादीत जागाच नसते. संशोधकांनी तिला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले आहे, कारण लाकूडतोड, शेतीसाठी होणारी जंगलसफाई आणि खाणकाम यांचे सावट तिच्यावर कायम आहे. वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा या प्रजातीची पन्नासपेक्षाही कमी झाडे पाहण्यात आली होती, आणि ती सगळी एबोच्या ज्या भागात उभी होती, त्याला कायद्याचे संरक्षण नव्हते.