फ्रॉम हेल: कॉमिकने सांगून टाकलेला खुनी सिनेमाने परत का लपवला?

नमस्कार मंडळी. 'फ्रॉम हेल'वर कधी बोलणार, असं इतक्या जणांनी विचारलंय की आता टाळत नाही. आणि हो, खुनी कोण ते मी लगेच सांगणार आहे. खाली 'स्पॉयलर, स्पॉयलर' करू नका. मूळ कॉमिकच ते सुरुवातीला सांगतं, आणि आजचं सगळं भांडण त्यावरूनच आहे.

पटकन ओळख. लेखक ॲलन मूर, चित्रं एडी कॅम्बेलची. १९८९ पासून तुकड्यातुकड्यांनी येत गेलं, १९९९ मध्ये एकत्र निघालं. १४ प्रकरणं, काळ्या शाईची खरबरीत चित्रं. विषय १८८८ सालचं लंडन, तिथली गरीब वस्ती व्हाइटचॅपल, आणि बायकांचे खून करून कधीच न सापडलेला जॅक द रिपर. सिनेमा २००१ चा, दिग्दर्शक ह्यूज बंधू, नायक जॉनी डेप. झालं.

आता मुद्दा. कॉमिकमधला खुनी म्हणजे सर विल्यम गल, राणीचे डॉक्टर. दुसऱ्या प्रकरणात त्याचं लहानपण येतं, वैद्यकी येते, फ्रीमेसन या गुप्त मंडळाचा सदस्य होणं येतं. पहिला खून थेट पाचव्यात. म्हणजे तोवर आपण या माणसाच्या डोक्यात राहून आलेलो असतो. 'कोणी केलं' हा प्रश्न मूरने उचलून बाजूला ठेवलाय. उरतं ते 'का', आणि 'कसल्या समाजात'. सिनेमाने काय केलं? गलला साळसूद सल्लागार डॉक्टर करून शेवटाकडे उघड केलं. उकललेलं कोडं परत गुंडाळून विकलं.

'मग काय झालं, रहस्य असलं तर मजाच की' असं म्हणणाऱ्यांसाठी दुसऱ्या बाजूने. कॉमिकचं चौथं प्रकरण आठवा. गल आणि गाडीवान नेटली दिवसभर लंडनभर घोडागाडीतून फिरतात. हॉक्समूर या जुन्या वास्तुविशारदाने बांधलेली चर्चेस, जुनी दैवतं, दगडांत दडलेली सत्ता, यावर गल बोलत सुटतो. शेवटी नकाशावर रेघा जोडल्या की पंचकोनी तारा. अख्ख्या पुस्तकाचा कणा तो. पण खुनी लपवायचा, तर हा प्रवास दाखवणार कसा? कापावाच लागतो. मग उरतो काळा झगा, द्राक्षांचा घोस आणि धुकं.

अजून एक बाजू. खुनी पडद्याआड गेला की कुणाच्या तरी मागे चालायला हवं ना? म्हणून तपास करणारा इन्स्पेक्टर ॲबरलाइन नायक झाला. त्याला अफू दिली, भविष्याची दृश्यं दिली, रिपरच्या निशाण्यावरच्या मेरी केलीवर प्रेम दिलं. खरा ॲबरलाइन निवृत्त होऊन बोर्नमथला राहिला, १९२९ साली ८६ व्या वर्षी वारला. सिनेमात तो तरुणपणीच अफूने मरतो. दृश्यं दिसणं तर फारच झोंबतं. कॉमिकमध्ये ती रॉबर्ट लीस या मृतात्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या माणसाला 'दिसतात', आणि प्रस्तावनेतच तो म्हातारा समुद्रकाठी ॲबरलाइनला कबूल करतो की ती सगळी आपण रचली होती. थोतांडाची थट्टा होती ती. सिनेमाने थोतांडच खरं मानलं आणि चुकीच्या माणसाला चिकटवलं!

तेच विसाव्या शतकाबद्दलच्या वाक्याचं. कॉमिकमध्ये मेरी केलीच्या खुनानंतर गल म्हणतो, हे शतक मी जन्माला घातलं. त्याआधी त्याच खोलीत त्याला आपल्या काळातलं ऑफिस दिसलेलं असतं, म्हणून ते वाक्य अंगावर येतं. सिनेमाने तसलंच वाक्य अगदी आरंभी, पाटीसारखं टांगलं. कमावलेलं नाही, तर अंगावर काय येणार?

गल झालेला इयन होम मात्र उत्तम. प्रागमध्ये उभारलेलं व्हाइटचॅपलही देखणं. पण एवढा मोठा नट छोट्या भूमिकेत दिसला की सराईत प्रेक्षक खुनी ओळखतोच. म्हणजे रहस्यही धड नाही!

'गलच खरा रिपर होता का' हे विचारणाऱ्यांना: नाही. तो सिद्धान्त १९७६ च्या स्टीफन नाइटच्या पुस्तकातून पसरला. मूरचाही त्यावर विश्वास नाही, त्याला फक्त साचा हवा होता. तो कुठे इतिहास वापरतो आणि कुठे कल्पना, ते त्याने मागच्या परिशिष्टात पानागणिक लिहिलंय.

वाचायला घ्याल तर काळी-पांढरी आवृत्ती घ्या, नंतर आलेली रंगीत नको. परिशिष्ट शेवटासाठी राखून ठेवू नका. एक प्रकरण संपलं की त्याच्या टिपा, मग पुढचं. चौथ्या प्रकरणाला लंडनचा नकाशा शेजारी उघडून बसा, आणि घाईत असाल तर ते त्या दिवशी सुरूच करू नका.