गाणं कुणाचं, हे फाइलला ठाऊक हवं

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर मराठी गाणं लागतं तेव्हा निवेदक आधी तीन नावं सांगतात: गीत कुणाचं, संगीत कुणाचं आणि स्वर कुणाचा. आपल्यापैकी कितीतरी जणांना कवींची आणि संगीतकारांची नावं पाठ झाली ती अशी, ऐकता ऐकता. कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. आज मी बोलणार आहे ते खिशात मावणाऱ्या डिजिटल प्लेअरबद्दल आणि त्यात गाणी भरणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. पण खरं सांगायचं तर माझा जीव अडकलाय तो या तीन नावांत. प्लेअरमध्ये गाणी हजारोंनी येतात आणि नावं मागेच राहतात.

सुरुवातीचे प्लेअर आठवून पाहा. १९९८ साली कोरियातून एमपीमॅन नावाचा प्लेअर बाजारात आला. त्याची जागा ३२ एमबी, म्हणजे बऱ्यापैकी आवाजाचं जेमतेम अर्ध्या तासाचं संगीत. एवढ्याशा गाण्यांची व्यवस्था ती काय लावायची! चित्र पालटलं ते २००१ मध्ये. ॲपल कंपनीने जानेवारीत आयट्यून्स हे सॉफ्टवेअर आणलं आणि ऑक्टोबरमध्ये आयपॉड. आयपॉडमध्ये ५ जीबीची इवलीशी हार्ड डिस्क होती आणि जाहिरात होती, खिशात हजार गाणी. हा हिशेब चार-चार मिनिटांच्या गाण्यांचा. आपल्याकडचे चाळीस मिनिटांचे ख्याल त्यात शंभरच मावले असते. तरी शंभर ख्याल खिशात घेऊन फिरायचं हे त्या काळी केवढं अप्रूप होतं!

आयपॉडची मांडणी मोठ्या विचाराने केलेली होती. त्याच्यावर एक चक्र आणि मोजकी बटणं, बाकी काही नाही. गाणी लावायची, नावं दुरुस्त करायची, याद्या करायच्या, हा सगळा व्याप कंप्युटरवरच्या आयट्यून्सने सांभाळायचा आणि प्लेअरने फक्त वाजवायचं. म्हणून तुमच्या हातातला प्लेअर किती कामाचा, हे तुमच्या कंप्युटरवरच्या संग्रहावर ठरतं. हे आयपॉडलाच नाही, कुठल्याही प्लेअरला लागू आहे. मोबाइलमध्ये मेमरी कार्ड घालून गाणी ऐकत असाल तरीही.

आता ही माहिती राहते कुठे? एमपीथ्री फाइलमध्ये गाण्याच्या आवाजाबरोबरच थोडी जागा मजकुरासाठी असते. तिला टॅग म्हणतात. १९९६ मध्ये हा टॅग पहिल्यांदा आला तेव्हा फाइलच्या शेवटी १२८ बाइट एवढीच जागा होती: गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, संगीतप्रकाराला १ आणि उरलेले ३ टॅगच्या खुणेला. देवनागरीचं एकेक अक्षर आजच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. तीस बाइटांत आपल्या नाट्यपदाचा पहिला शब्दच कसाबसा बसला असता. १९९८ मध्ये दुसऱ्या पिढीचा टॅग आला आणि जागेची अडचण संपली. संगीतकाराला स्वतंत्र रकाना मिळाला, गीतकारालाही मिळाला, पुढे देवनागरीतही नीट लिहिता यायला लागलं. म्हणजे निवेदकाच्या त्या तिन्ही नावांना फाइलमध्ये हक्काची जागा आहे आणि कित्येक वर्षांपासून आहे. ती भरायची कुणी, एवढाच प्रश्न आहे.

आपण सीडी कंप्युटरमध्ये घालतो आणि गाण्यांची नावं आपोआप येतात. अनेकांना वाटतं, कंप्युटरने गाणं ओळखलं. तसं नसतं. सीडीवर किती गाणी आहेत आणि प्रत्येक कुठे सुरू होतं, या आकड्यांवरून सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या मोठ्या नोंदवहीत ती सीडी शोधतं. तिथल्या बऱ्याचशा नोंदी मुळात तुमच्याआमच्यासारख्या ऐकणाऱ्यांनी, जमेल तशा, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेल्या. मग पंडित भीमसेन जोशी यांच्या चार सीडी तुम्ही भरल्या, की यादीत चार गायक उभे राहतात. एकाच्या आधी पूर्ण 'पंडित', दुसऱ्याच्या आधी नुसतं 'पं.', तिसऱ्यात काहीच नाही आणि चौथ्यात 'भीम'चं स्पेलिंग दोन 'ई' घालून केलेलं. माणसाला ते एकच आहेत हे कळतं, सॉफ्टवेअरला कळत नाही. प्लेअरमध्ये एका नावावर बोट ठेवलं, की त्यांचं पाव गाणंच हाती लागतं.

यावर उपाय सोपा आहे. आयट्यून्समध्ये चारही नोंदींची गाणी एकदम निवडायची, उजवं बटण दाबून 'गेट इन्फो' उघडायचं आणि कलाकाराच्या रकान्यात एकदाच नाव लिहायचं. सगळीकडे तेच नाव जातं. नाव देवनागरीत लिहायचं की रोमनमध्ये, ते आधी ठरवा आणि मग त्याला धरून राहा. मी स्वतः देवनागरीच्या बाजूचा आहे. मात्र तुमचा प्लेअर किंवा गाडीतला स्टिरिओ जुना असेल तर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसू शकतात. म्हणून आधी एक गाणं टाकून बघा आणि मग बाकीच्यांना हात घाला.

चित्रपटगीतांत आणखी एक घोटाळा होतो. एकाच चित्रपटात चार गायक असतात आणि कलाकारानुसार लावलं की अल्बमचे चार तुकडे होतात. त्यासाठी 'अल्बम आर्टिस्ट' नावाचा वेगळा रकाना आहे. त्यात संगीतकाराचं नाव लिहावं. आपल्याकडे चित्रपटाचं संगीत संगीतकाराच्या नावानेच ओळखलं जातं, तेव्हा ते नाव तिथे शोभतंही. गीतकाराची मात्र इथे उपेक्षा झालेली आहे. टॅगमध्ये त्याची जागा आहे, पण आयट्यून्सच्या खिडकीत तो रकाना दिसतच नाही. मराठी भावगीताच्या बाबतीत हे मला फार लागतं. भावगीत आधी कविता असतं, मग गाणं होतं. कवीचं नाव गळालं तर अर्धं गाणं गळालं. तेव्हा आयट्यून्स वापरणाऱ्यांनी कवीचं नाव 'कॉमेंट्स'च्या रकान्यात लिहावं. एमपीथ्रीटॅग नावाचं, विंडोजवर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात गीतकाराचा खरा रकानाही भरता येतो. शक्य असेल तर दोन्हीकडे लिहा.

आता क्रमाबद्दल. गीतरामायण घ्या. गदिमांनी लिहिलेली, सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ५६ गीतं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. रामनवमीपासून पुढे वर्षभर लोक पुढच्या भागाची वाट बघत होते. ही कथा आहे, तिला पुढे-मागे आहे. पण फाइलींना क्रमांक दिलेले नसले की बहुतेक प्लेअर त्या अकारविल्हे लावतात. पहिल्या गीताची सुरुवात 'स्व' या जोडाक्षराने होते, म्हणून ते जाऊन बसतं थेट शेवटाजवळ. आणि ज्या गीताने रामायण संपतं ते सुरू होतं 'ग' या अक्षराने, म्हणून ते येतं बरंच आधी. सीतास्वयंवर कुठे आणि सेतुबंधन कुठे, कशाला कशाचा पत्ता नाही. त्यासाठी ट्रॅक नंबरचा रकाना असतो. एक ते छप्पन सरळ क्रमांक घाला. संच अनेक सीडींचा असेल आणि प्रत्येक सीडीवर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत असतील, तर डिस्क नंबरही भरा. नाहीतर प्रत्येक सीडीवरचं पहिलं गीत एका रांगेत वाजतं, मग प्रत्येकीवरचं दुसरं.

गाडीत पेनड्राइव्ह लावणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. टॅग नीट भरला तरी गाणी उलटसुलट वाजतात. पुष्कळसे साधे स्टिरिओ टॅगही बघत नाहीत आणि नावही बघत नाहीत. पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने फाइली कॉपी झाल्या त्याच क्रमाने ते वाजवतात. तेव्हा फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालावेत, पेनड्राइव्ह कोरा करावा आणि क्रमाने पुन्हा भरावा.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना मी 'स्मार्ट प्लेलिस्ट' आवर्जून वापरायला सांगेन. ही सोय आयट्यून्समध्ये २००२ पासून आहे. साधी यादी आपण हाताने भरतो, ही यादी आपण सांगितलेल्या अटीवर आपली आपण भरते. 'ग्रुपिंग' नावाचा एक रकाना बहुतेकांचा रिकामाच असतो. त्यात रागाचं नाव आणि प्रहर लिहायचा: तोडी, सकाळ. यमन, संध्याकाळ. मालकंस, रात्र. मग स्मार्ट प्लेलिस्टला अट घालायची, ग्रुपिंगमध्ये 'सकाळ' हा शब्द असलेलं सगळं इथे जमव. पुढे कधीही भैरवाची नवी फाइल आली आणि तिच्यावर 'सकाळ' लिहिलं, की ती आपोआप त्या यादीत येते. आणि लांब ख्यालांना 'स्किप व्हेन शफलिंग' अशी खूण करून ठेवा, म्हणजे गाणी सरमिसळ लावली तरी भर दुपारी दोन लावण्यांच्या मध्ये दरबारीचा विलंबित सुरू होणार नाही.

आवाजाच्या दर्जाबद्दल थोडंसंच सांगतो. फाइल लहान करायच्या नादात ६४ केबीपीएसवर उतरू नका. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवली त्याचं माप; आकडा लहान तितका आवाज कमअस्सल. अशा फाइलीत तानपुरा ऐका, त्याची जवार विस्कटून पाण्याखालून आल्यासारखी डुचमळते. कॅसेटवरून किंवा सीडीवरून घेताना एक प्रत फ्लॅक नावाच्या प्रकारात ठेवा, त्यात मूळ आवाजातलं काही गळत नाही. प्लेअरसाठी त्या प्रतीवरून वेगळी एमपीथ्री करा. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री करत गेलात तर दर वेळी काहीतरी गळतं, आणि गेलेलं परत येत नाही.

आता सगळ्यात घाबरवणारा प्रसंग. आमच्या परिचयातल्या एका काकूंकडे मुलाने दिलेला जुना चक्राचा आयपॉड होता. त्यात त्यांची नाट्यपदं, अभंग, सगळं होतं. कंप्युटर बंद पडून भंगारात गेला, दुसरा आला. आयपॉड जोडला तर पडद्यावर प्रश्न आला: हा आयपॉड दुसऱ्या संग्रहाशी जोडलेला आहे, पुसून या संग्रहाशी जोडायचा का? श्रोतेहो, इथे हो म्हणू नका. आयट्यून्सचा नियम असा, की एक आयपॉड एकाच संग्रहाचा. नवा संग्रह रिकामा असेल तर हो म्हणताक्षणी आयपॉडही रिकामा होतो. आणि आयपॉडमधून गाणी उलट कंप्युटरवर घ्यायचं बटण आयट्यून्सने दिलेलं नाही. आयट्यून्सच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांपुरतीच ती सोय आहे.

पण गाणी आत असतात. काकूंचा आयपॉड आम्ही पेनड्राइव्हसारखा उघडला, दडवलेले फोल्डर दाखवायला सांगितले, तेव्हा 'म्युझिक' नावाच्या फोल्डरमध्ये एफ शून्य शून्य, एफ शून्य एक अशी ओळीने फोल्डरं दिसली. त्यांत गाणी होती, पण प्रत्येकीचं नाव चार इंग्रजी अक्षरांचं, कशाचा अर्थ कशाला नाही. ते बघून काकूंचा चेहरा उतरला. मग ते सगळं कंप्युटरवर कॉपी केलं, आयट्यून्सच्या सेटिंगमध्ये संग्रह नीट लावण्याची आणि फाइली त्यात कॉपी करण्याची खूण केली आणि फोल्डर आत ओढला. ज्या फाइलींचे टॅग काकूंच्या मुलाने भरले होते, त्या एकेक करून आपापल्या नावाने उभ्या राहिल्या. पद कोणतं, नाटक कोणतं, गायक कोण, सगळं. टॅग नसलेल्या काही फाइली राहिल्या. त्या काकूंनी कानाने ओळखून एकेक सांगितल्या आणि आम्ही लिहिल्या. ही युक्ती चक्राच्या आयपॉडवर चालते, आयपॉड टचवर नाही.

हे प्लेअर आता दुकानात नवे मिळत नाहीत. चक्राचा मोठा आयपॉड २०१४ मध्ये थांबला, शेवटचा आयपॉड टच २०२२ मध्ये. मॅकवरच्या, म्हणजे ॲपलच्याच कंप्युटरवरच्या, आयट्यून्सचेही २०१९ मध्ये वेगवेगळे भाग झाले. जुना आयपॉड मॅकला जोडला तर आता तो फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकवर फाइली बघायच्या खिडकीत, दिसतो. विंडोजवर आयट्यून्स अजून चालतं. ज्यांच्या घरी आयपॉड आहे त्यांनी तो अधूनमधून चार्ज करावा आणि आतला संग्रह लवकरात लवकर दोन जागी उतरवून घ्यावा.

शेवटी एका वेगळ्याच संग्रहाकडे तुमचं लक्ष वेधतो. घरोघरी अशी ध्वनिमुद्रणं आहेत, जी कुठल्याही कंपनीने काढलेली नाहीत. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, भजनी मंडळाची काकडआरती, गणेशोत्सवातला एखादा गाण्याचा कार्यक्रम. कॅसेटवरून उतरवली की त्यांच्या फाइलींना 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' एवढंच नाव राहतं. इंटरनेटवरची कुठलीही नोंदवही त्यांना नाव देऊ शकत नाही, कारण ते माहीत आहे फक्त तुमच्या घरात. म्हणून कीर्तनकारांचं नाव कलाकाराच्या रकान्यात लिहा. अभंग ज्या संतांचा, त्यांचं नाव गीतकाराच्या रकान्यात. वर्ष आठवत असेल तर वर्ष. आणि कॉमेंट्समध्ये गाव, देऊळ, निमित्त, पेटीवर कोण होतं, पखवाजावर कोण होतं, आणि कॅसेट भरली कुणी. पखवाजवाल्याचं नाव तुम्हाला आठवत नसेल तर त्या मंडळातल्या एखाद्या जुन्या टाळकऱ्याला फोन करा, त्यांना आठवत असेल. नाव मिळालं की फाइलीत लिहून टाका आणि मगच ती प्लेअरमध्ये भरा.

नमस्कार.