नोंद कोण करतो, फायदा कुणाला?

नमस्कार श्रोतेहो. माणसं मिळून काम करतात तेव्हा तंत्रज्ञान त्यांच्या उपयोगी कसं पडतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. १९८४ साली आयरीन ग्रीफ आणि पॉल कॅशमन या संशोधकांनी अमेरिकेत एक कार्यशाळा घेतली आणि या अभ्यासाला ‘कॉम्प्युटर-सपोर्टेड कोऑपरेटिव्ह वर्क’, म्हणजे संगणकाच्या मदतीनं मिळून केलेलं काम, असं स्वतंत्र नाव मिळालं.

पुढे १९८८ मध्ये याच विषयातले संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी एक दुखणं नेमकं पकडलं. कार्यालयात बैठका ठरवण्यासाठी सगळ्यांनी आपापलं वेळापत्रक संगणकावर भरायचं. बैठक बोलावणाऱ्या साहेबांची सोय होते, बाकीच्यांना भरण्याचं काम तेवढं वाढतं. मग ते भरतच नाहीत, आणि व्यवस्था बंद पडते.

आता आपल्या सोलापुरातला चादरीचा कारखाना घ्या. माग थांबला की कामगारानं मोबाईलवर कारण नोंदवायचं, असं मालकानं ठरवलं. मजुरी नगावर, आणि हात तुटलेला धागा जोडण्यात गुंतलेले. नोंद करण्यात गेलेला वेळ त्याच्याच मजुरीतून जाणार. तो शिफ्ट संपताना आठवेल तसे आकडे टाकणार, आणि मग आपण म्हणणार, कामगारांना तंत्रज्ञान जमत नाही! हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ या संशोधकांनी लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या बेकरलू मार्गाच्या नियंत्रण कक्षाचा अभ्यास केला. नियंत्रक फोनवर मोटरमनशी बोलत असतो. शेजारच्या सहकाऱ्याला कुणी काही सांगत नाही, पण कान तिकडे असतो, आणि तो प्रवाशांसाठी घोषणा सुरूही करतो. हे काम कुठल्याच नियमावलीतून कळलं नसतं. त्यासाठी तिथं बसून राहावं लागलं. आपल्या कारखान्यात तर खडखडाटात शब्दच ऐकू येत नाही. तिथं नजर आणि हाताची खूण चालते. पलीकडचा माग थांबला की जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा, हाकेची वाट न बघता निघतो. अ‍ॅप बनवणाऱ्यानं हे पाहिलेलंच नसेल, तर तो काय बनवणार?

म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, आधी एक पूर्ण शिफ्ट मागापाशी उभे राहा. आणि कारखानदारांना सांगते, त्याच मोबाईलवर कामगाराला स्वतःच्या नगांचा आणि आठवड्याच्या मजुरीचा हिशेब रोज दिसू द्या. मग नोंद चुकू नये याची काळजी तोच घेईल. नमस्कार.