नाक खाली, मग ट्रिगर

(दृश्य: खारघर, डोंगराच्या पायथ्याचा मोकळा प्लॉट. रविवार सकाळ. मुरमावर रुंद टायरचे वण.)

पाच किलोची रिमोटवरची गाडी. चारही चाकांना ताकद. पोटात चार सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, पूर्ण चार्ज झाली की १६.८ व्होल्ट. मोटर ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली; २०५० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला २०५० फेरे. गुणाकार केला तर ओझं नसताना मिनिटाला चौतीस हजारांच्या वर. ऐकायला भारी वाटतं, पण आज आपल्याला त्या आकड्याशी घेणंदेणं नाही. आपला प्रश्न सुटण्याच्या क्षणाचा आहे. पेट्रोल इंजिनाला फेरे चढायला वेळ लागतो. ब्रशलेस मोटर जागेवर उभी असतानाच जोरात पिळते. ट्रिगर ओढला की टॉर्क, म्हणजे चाक पिळण्याचा जोर, हजर. गाडी पुढे सरकायच्या आत तिचं नाक आभाळाकडे, आणि पुढच्या क्षणी ती उताणी.

(दृश्य: गाडी उलटते. पाठीवर पडून चाकं फिरत राहतात.)

"काका, पुन्हा!"

रिमोट पुतणीच्या हातात आहे. काका रबाळे एमआयडीसीत फिटर. गाडी त्यांची, चालवायचा हक्क तिचा. सरळ करायला धावतात मात्र काकाच.

व्हीली, म्हणजे पुढची चाकं हवेत उचलणं, म्हटलं की बहुतेकांना ती ताकदीची गोष्ट वाटते. ताकद असतेच, पण गाडी उठते ते दोन अंतरांमुळे: गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या किती पुढे आहे, आणि जमिनीपासून किती उंच आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १ आलं, तर गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या दराने वाढू लागताच पुढची चाकं सुटतात. उत्तर जितकं मोठं, तितकी गाडी जमिनीला धरून.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातले दोन वजनकाटे पुरतात.

(दृश्य: ओट्यावर दोन काटे. पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर.)

पुढे २.२ किलो, मागे २.८. दोन ॲक्सलमधलं अंतर ३७ सेंटिमीटर. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या १६.३ सेंटिमीटर पुढे. मागची चाकं उंचावर ठेवून पुन्हा वजन केलं की उंचीही काढता येते. ती धरा १२. भागाकार १.३६.

आता बहुतेक जण पहिला उपाय करतात तो बॅटरी पुढे सरकवण्याचा. ट्रेमध्ये मागे फोमचा तुकडा घालायचा, झालं. चांगला उपाय आहे, फुकटचा आहे. पण अर्ध्या किलोची बॅटरी चार सेंटिमीटर पुढे नेली, तर पाच किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य सरकतो फक्त चार मिलिमीटर. १.३६ चं होतं १.३९. उलट तोच गुरुत्वमध्य एक सेंटिमीटर खाली आणा: १.४८. बुटकी गाडी उठत नाही, हे आपल्याला डोळ्यांनी माहीत असतं; आकड्यात पाहिलं की कुठे हात घालायचा ते कळतं.

म्हणून काकांनी आधी शॉकअपच्या स्प्रिंगवरच्या क्लिपा काढल्या आणि शॉकअपचं टोक दुसऱ्या भोकात लावलं. गाडी बसली. दगडगोट्यांत पोट घासतं, ही त्याची किंमत.

(दृश्य: लेथ. नायलॉनची बारीक रिंग कापली जातेय.)

आणि ही रिंग. पुढच्या शॉकअपच्या आत, दांड्यावर, पिस्टनच्या खाली बसते. काम एकच: शॉकअपला पूर्ण लांब होऊ द्यायचं नाही. एरवी नाक वर जातं तेव्हा शॉकअप लांबत जातो आणि चाकं आरामात जमिनीवर राहतात. लांबणं अडवलं की नाकाला दोन्ही चाकांचं वजन लगेच सोबत उचलावं लागतं. मागे त्याच्या उलट विचार: तेल जाड, स्प्रिंग कडक, म्हणजे गाडी सुटताना ढुंगणावर बसत नाही.

एवढं करून मुरमावर गाडी शहाणी झाली. मग सोसायटीच्या काँक्रीटवर आणली, आणि पुन्हा उताणी. कारण साधं. मुरमावर आता टायर आधी घसरतात, नाक उचलण्याइतकी पकडच मिळत नाही. काँक्रीटवर मऊ रबर चिकटून धरतं. त्यामुळे मातीत जमवलेल्या सेटिंगवर विसंबू नका. ट्यूनिंग करायचं ते कडक, कोरड्या जमिनीवर.

इथून पुढे स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज जायची ते ठरवणारा डबा. त्यात पंच नावाची सेटिंग असते. ती कमी केली की टॉर्क एकदम न येता चढत येतो, शेवटचा वेग तोच राहतो. रिमोटवरची थ्रॉटलची मर्यादा हे वेगळं प्रकरण: ती सत्तर टक्क्यांवर आणली की वरचा वेगच कापला जातो. दोन्हींची गल्लत करून लोक आपली गाडी विनाकारण मरतुकडी करतात. आधी पंच. मर्यादेला शेवटी हात लावा.

(दृश्य: सेंटर डिफ उघडलेला. आत चकचकीत गिअर, घट्ट तेल.)

माझ्या मते खरा इलाज मात्र या डब्यात आहे. सेंटर डिफरन्शियल पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटतो. त्याच्या आत सिलिकॉन तेल असतं आणि त्याचा घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. पाणी साधारण १. या गाडीत होतं १,००,०००. इतकं घट्ट तेल पुढचा आणि मागचा भाग जवळजवळ एकत्र बांधून टाकतं, त्यामुळे पुढची चाकं उचलली तरी मागच्यांना पूर्ण जोर मिळत राहतो, आणि तोच गाडीला उताणी करतो. तेल पातळ करा. पुढची चाकं हलकी झाली की ती मोकळी फिरतात, ताकद तिकडे वाहून जाते, मागचा जोर आपोआप पडतो, नाक खाली येतं. गाडी स्वतःच स्वतःला आवरते. कोणतीही इलेक्ट्रॉनिक सेटिंग हे इतक्या पटकन करत नाही.

काकांनी २०,००० चं तेल भरलं. आणखी पातळ भरता आलं असतं. पण मग मोकळ्या फिरणाऱ्या पुढच्या टायर फुग्यासारख्या ताणतात, रिमवरून सुटतात. त्याला उपाय म्हणून टायरच्या आतून चिकटपट्टीचे वेढे देतात. किचकट काम, आणि गोंद बोटांवरून दोन दिवस निघत नाही.

एक गैरसमज इथेच मोडून काढू. "पिनियन लहान लावा, गाडी मंद होईल, उठणार नाही." उलटं होतं. मोटरवरचा गिअर लहान केला की चाकावरचा टॉर्क वाढतो आणि गाडी जास्त उठते. पिनियन १३ दात्यांचं काढून १५ चं लावलं तर चाकावरचा टॉर्क सुमारे १३ टक्के कमी होतो, वरचा वेग १५ टक्के वाढतो. पण मोटर तापते, बॅटरीही. मे महिन्यात नवी मुंबईच्या दुपारी तर हे करूच नका. केलंत तर दर काही मिनिटांनी तापमान बघा, आणि बॅटरी साठ अंशांच्या आसपास गेली की थांबा.

आणि व्हीली बार, म्हणजे उलटू नये म्हणून गाडीच्या मागे लावायचा दांडा? लहान मुलाच्या हातात गाडी देताना ठीक. बाकी वेळी तो दुखणं झाकतो आणि वळणावर दगडाला अडकतो.

(दृश्य: पुतणी काँक्रीटवर पूर्ण ट्रिगर ओढते. पुढची चाकं बोटभर उचलतात, टेकतात. गाडी सुटते.)

"काका, आता उठतच नाही. मजा गेली."

"अगं, उठवायची तेव्हा पंच वाढव."

सुटताना गाडी आता सरळ जाते. भरधाव असताना मात्र अजून एकदोनदा नाक हललं, आणि ती वेगळी व्हीली आहे. तिथे टॉर्कपेक्षा हवा जास्त काम करते: नाक जरा उचललं की बॉडीखाली वारा शिरतो आणि कोंडला गेला की गाडी पतंगासारखी चढते. त्यासाठी बॉडीच्या मागच्या बाजूला भोकं पाडावी लागतात, म्हणजे आत आलेला वारा निघून जातो. काकांनी मार्करने खुणा करून ठेवल्या आहेत. कात्री चालवायला पुतणीची परवानगी अजून मिळायची आहे, कारण बॉडीचा रंग तिने दिलाय.