वीस वर्षं थांबलेला माणूस : मुहंमद मार्माड्यूक पिक्थॉल

[पडद्यावर : लंडनचा जुना नकाशा. नॉटिंग हिल.]

29 नोव्हेंबर 1917. लंडनच्या नॉटिंग हिल भागात मुस्लिम लिटररी सोसायटीची सभा भरली आहे. विषय आहे इस्लाम आणि प्रगती. वक्ते बेचाळीस वर्षांचे, नावाजलेले इंग्रज कादंबरीकार, एका पाद्र्याचे चिरंजीव. बाहेर महायुद्ध पेटलंय आणि ब्रिटिश फौजा पॅलेस्टाईनमध्ये ऑटोमन तुर्कांशी लढताहेत. अशा वेळी मार्माड्यूक पिक्थॉल त्या व्यासपीठावरून जाहीर करतात, की आपण इस्लाम स्वीकारला आहे.

सभेतल्या लोकांना ही मोठी बातमी वाटली असेल. पण पिक्थॉल यांच्या मनात या निर्णयाचं बी पडलं होतं त्याच्या वीस वर्षं आधी.

[पडद्यावर : सफोकमधलं खेड्यातलं चर्च. मग जाफा बंदराची जुनी छायाचित्रं.]

जन्म 7 एप्रिल 1875, लंडन. वडील सफोकमधल्या चिलेसफर्ड गावाचे अँग्लिकन धर्मगुरू. मार्माड्यूक लहान असतानाच ते गेले. पुढे मुलाचं शिक्षण हॅरो शाळेत झालं. विन्स्टन चर्चिल त्याच काळात तिथे शिकत होते. परराष्ट्र सेवेची परीक्षा मात्र हुकली, आणि अठरा-एकोणीस वर्षांचा हा मुलगा पूर्वेकडे निघून गेला. इजिप्त, पॅलेस्टाईन, सीरिया.

तिथे जाणाऱ्या साहेबलोकांची रीत ठरलेली होती. चांगल्या हॉटेलात उतरायचं, दुभाषा घ्यायचा, पवित्र स्थळं बघायची आणि परतायचं. पिक्थॉलनी अंगावर तिथले कपडे चढवले, घोडा घेतला आणि गावोगाव हिंडू लागले. खानावळीत, धर्मशाळेत, शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसून अरबी शिकले. त्यांच्या इंग्रज ओळखीच्यांना हे अजिबात रुचलं नाही. पण त्यांचं सगळं पुढचं आयुष्य या भटकंतीतून उभं राहिलं, असं मला ठामपणे वाटतं.

आता दमास्कस. तिथल्या उमय्यद मशिदीचे एक वृद्ध शेख त्यांना अरबी व्याकरण शिकवत होते. एक दिवस या तरुणानं शेखांना सांगितलं, मला मुसलमान व्हायचंय. कुणाही धर्मोपदेशकाला आनंद व्हावा अशी ही गोष्ट. शेखांनी मात्र त्याला थांबवलं. आधी आईचा विचार कर, म्हणाले. मोठा हो, आपल्या देशात परत जाऊन ये. तू इथे आमच्यात एकटा आहेस, जशी आमची मुलं ख्रिस्ती लोकांत एकटी असतात. माझ्या मुलाशी एखादा ख्रिस्ती शिक्षक याहून वेगळं वागला असता तर मला काय वाटलं असतं, देव जाणे.

हा प्रसंग पिक्थॉलनी स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. धर्मांतराच्या चर्चेत आपण बहुतेक वेळा कोणी कोणाला ओढलं एवढंच विचारतो. इथे एका मौलवीनं दाराशी आलेल्या माणसाला, त्याच्या आईची आठवण करून देऊन, परत पाठवलंय. माझ्या मते पिक्थॉलना इस्लामचा पहिला खरा धडा त्या नकारातून मिळाला.

[पडद्यावर : जुन्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं. इस्तंबूलचा किनारा.]

इंग्लंडला परतल्यावर लग्न झालं, लेखन सुरू झालं. 1903 साली आलेल्या, सीरियातल्या एका कोळ्याच्या गोष्टीनं त्यांना नाव मिळवून दिलं. ई. एम. फॉर्स्टर यांच्यासारख्या लेखकानं त्यांच्या पूर्वेच्या जाणकारीची वाखाणणी केली. 1913 मध्ये ते तुर्कस्तानात राहिले, तुर्की शिकले. तुर्कस्तान आणि शेजारची ख्रिस्ती राज्यं यांच्यातल्या बाल्कन युद्धाचे दिवस होते. मुसलमानांच्या कत्तली होत होत्या आणि इंग्लंडमधल्या चर्चच्या वर्तुळात त्याला धर्मयुद्धाचा रंग दिला जात होता. पाद्र्याचा मुलगा यानं आतून दुखावला गेला. बालपणीच्या चर्चशी जोडणारा धागा तिथे तुटत गेला.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. तुर्कांची बाजू मांडताना पिक्थॉल तुर्की साम्राज्यातल्या कत्तलींत सापडलेल्या आर्मेनियन लोकांच्या यातनांकडे न्यायानं पाहू शकले नाहीत. त्यांचं त्या काळातलं राजकीय लेखन वाचताना हे खटकतं, आणि खटकायलाच हवं.

[पडद्यावर : मुंबईतलं हॉर्निमन सर्कल.]

धर्म स्वीकारल्यावर 1919 मध्ये लंडनमध्ये ते शुक्रवारचा खुतबा, म्हणजे नमाजाच्या वेळचं प्रवचन देत, नमाज पढवत. आणि मग मुंबईहून बोलावणं आलं.

सर फिरोजशहा मेहतांनी 1913 मध्ये सुरू केलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'ला संपादक हवा होता. आधीचे संपादक हॉर्निमन यांना सरकारनं 1919 मध्ये देशाबाहेर काढलं होतं. फोर्टमधलं हॉर्निमन सर्कल ते याच हॉर्निमन यांच्या नावाचं. पिक्थॉल सप्टेंबर 1920 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा लोकमान्यांना जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. तुर्कस्तानच्या खलिफाचं पद टिकावं म्हणून उभी राहिलेली खिलाफत चळवळ आणि असहकार हातात हात घालून चालले होते. एक इंग्रज, तोही मुसलमान, इंग्रज सरकारविरुद्धच्या चळवळीचं वर्तमानपत्र चालवतोय, हे दृश्य मुंबईनं पाहिलं. गांधीजींशी त्यांचा चांगला स्नेह जुळला. अहिंसेवर दोघांचाही भर होता.

पण ज्या खिलाफतीसाठी हिंदुस्थानात एवढं रान उठलं, ती मार्च 1924 मध्ये खुद्द तुर्कांनीच रद्द केली. त्याच वर्षी वृत्तपत्रावरच्या खटल्यात निकाल विरुद्ध गेला आणि पिक्थॉलनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी संपादक झाले.

राजकारण हातून सुटलं आणि शिक्षक पुढे आला. तोच त्यांचा खरा पिंड होता.

[पडद्यावर : मुसी नदी. हैदराबादचं चादरघाट.]

1925 मध्ये निजामाच्या हैदराबादेत चादरघाट हायस्कूलचे ते मुख्याध्यापक झाले. आपला मराठवाडा तेव्हा याच राज्यात होता. शाळेबरोबरच सनदी सेवेतल्या तरुणांच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही पुढे त्यांच्यावर आली. 1927 पासून 'इस्लामिक कल्चर' हे त्रैमासिक त्यांनी संपादित केलं.

त्याच वर्षीची मद्रासमधली त्यांची व्याख्यानं आजही वाचावीत अशी आहेत. समोर मुसलमान श्रोते, आणि हा नवमुस्लिम त्यांना सांगतोय, की स्त्रियांना घरात कोंडणारा जो पडदा तुम्ही पाळता, तो मूळचा अरबांचाही नाही आणि इस्लामचाही नाही. शिक्षणाकडे पाठ फिरवलीत म्हणून मागे पडलात. ज्या घरात आपण नव्यानं आलो, तिथल्या वडीलधाऱ्यांना असं तोंडावर सांगायला धारिष्ट लागतं. हे बोलणाऱ्यानं वर्षानुवर्षं मुसलमान समाजात वावरून, त्यांच्या भाषा शिकून तो अधिकार कमावला होता.

आता त्यांचं सर्वांत मोठं काम. कुरआनचे इंग्रजी अनुवाद तोपर्यंत होते, पण ज्याची मातृभाषा इंग्रजी आणि ज्याची श्रद्धा इस्लामवर, अशा माणसानं केलेला एकही नव्हता. निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना दोन वर्षांची भरपगारी रजा दिली. 1929 च्या अखेरीस ते कैरोला गेले. तिथल्या अल-अझहर या जुन्या इस्लामी विद्यापीठाच्या विद्वानांसमोर काम ठेवायचं होतं, पण तिथे मुळातच वाद होता. ईश्वराच्या वाणीचं भाषांतर करावं की करू नये? काहींचा सक्त विरोध होता. अझहरचे माजी प्रमुख शेख मुस्तफा अल-मराघी यांनी मात्र धीर दिला. मुहंमद अहमद अल-गमरावी या प्राध्यापकांच्या साथीनं पिक्थॉलनी आपला मसुदा मूळ अरबीशी पुन्हा ताडून पाहिला.

1930 मध्ये पुस्तक आलं. प्रस्तावनेत त्यांनी साफ लिहिलं, की कुरआनचा अनुवाद होऊ शकत नाही. हा फक्त अर्थ सांगण्याचा प्रयत्न आहे.

त्यातलं इंग्रजी कानाला जुनं लागतं. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी बायबलचा घाट त्यात जागोजागी जाणवतो. वडिलांच्या चर्चमधली ती भाषा मुलाच्या हातून कुरआनच्या सेवेला लागली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात गायली, तसंच हे. धर्म बदलला तरी लहानपणी कानांवर पडलेली प्रार्थनेची लय पिक्थॉलनी टाकून दिली नाही, आणि मला त्यांच्या कामातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

[पडद्यावर : ब्रुकवुड दफनभूमी, सरे.]

1935 मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. 19 मे 1936 रोजी कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्हज इथे त्यांचं निधन झालं. दफन ब्रुकवुडला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले, कुरआनचे दुसरे ख्यातनाम इंग्रजी अनुवादक अब्दुल्ला यूसुफ अली यांचीही कबर याच दफनभूमीत आहे.

1938 मध्ये हैदराबादच्या सरकारी छापखान्यानं पिक्थॉल यांचा अनुवाद मूळ अरबीसह दोन खंडांत काढला. त्यांच्या कादंबऱ्या आज फार थोडे लोक वाचतात. हा अनुवाद मात्र अजून छापला जातो. हाती आला तर सुरुवातीचं प्रेषितांचं चरित्र आणि प्रत्येक सूरहच्या, म्हणजे अध्यायाच्या, आधीची छोटी टिपणं जरूर वाचा. चादरघाटच्या वर्गात हे मुख्याध्यापक कसे शिकवत असतील, याचा अंदाज तिथे येतो.