दुसरी चूक

पत्रिकेवर विषय छापलाय ‘शाळेतली शिस्त आणि मुलांचं भवितव्य’. भवितव्याकडे येणारच आहे, पण आधी एक प्रयोग सांगू द्या. तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

2015 साली जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शिक्षकांना एका मुलाच्या शाळेतल्या नोंदी वाचायला दिल्या. चुका दोनच आणि किरकोळ: एकदा सांगितलेलं ऐकलं नाही, एकदा वर्गात गडबड केली. मजकूर तोच, फक्त नाव वेगळं. कुणाला डॅरनेल किंवा डिशॉन, म्हणजे तिकडे काळ्या मुलांची समजली जाणारी नावं. कुणाला ग्रेग किंवा जेक. पहिल्या चुकीपर्यंत फारसा फरक नाही. दुसरी वाचली आणि फाटा फुटला. डॅरनेलची दुसरी चूक शिक्षकांना जास्त खुपली, त्याला जास्त कडक शिक्षा हवी असं वाटलं आणि ‘उपद्रवी’ हा शिक्का त्याच्यावर सहज बसला.

हे शिक्षक दुष्ट नव्हते हो! समोर मूलही नव्हतं, नुसता कागद. इथे शिक्षक किती आहेत? करा हात वर. आता ‘तो तसलाच आहे’ हे शिक्षकांच्या खोलीत ज्यांनी ऐकलंय, त्यांनी हात वरच ठेवा. बघा, एकही हात खाली गेला नाही. या प्रामाणिकपणासाठी मनापासून आभार.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा आता भराभर सांगतो.

टेक्सासमधल्या जवळजवळ दहा लाख मुलांचा सातवीपासून मागोवा घेणारा अहवाल 2011 मध्ये आला. सुमारे 60 टक्के मुलांवर कधी ना कधी निलंबनाची किंवा शाळेतून काढण्याची कारवाई झाली होती. त्यातल्या जेमतेम 3 टक्के कारवाया कायद्याने सक्तीच्या, बाकी शाळेच्या मर्जीच्या. आणि या मर्जीच्या कारवायांतच काळं मूल सापडण्याची शक्यता तशाच परिस्थितीतल्या गोऱ्या मुलापेक्षा 31 टक्क्यांनी जास्त. कारवाई झालेल्यांपैकी 31 टक्के मुलं एकदा तरी त्याच इयत्तेत पुन्हा बसली. कधीच कारवाई न झालेल्यांत हे प्रमाण 5 टक्के.

‘ती मुलं मुळातच तशी असतील,’ हा आक्षेप दर वेळी येतो. अमेरिकेतल्याच शार्लट शहराकडे बघा. 2002 मध्ये तिथे शाळांच्या हद्दी बदलल्या, एकाच वस्तीतली मुलं वेगवेगळ्या शाळांत गेली. जास्त निलंबन करणाऱ्या शाळेत गेलेल्यांना मोठेपणी अटक होण्याचं प्रमाण जास्त निघालं, चार वर्षांच्या पदवीसाठी महाविद्यालयात जाण्याचं कमी. वस्ती तीच होती, बदलली ती शाळा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नोंदवहीत ‘उद्धट’, ‘बेशिस्त’ असलं काही लिहू नका. मुलाने नेमकं काय केलं ते लिहा. उलट उत्तर दिलं म्हणून घरी पाठवणं थांबवा. आणि कोणत्या मुलांना किती दिवस वर्गाबाहेर ठेवलं, हे दर वर्षी पालकांसमोर मांडा. आता प्रश्न विचारा, संयोजक थांबवेपर्यंत मी इथेच आहे.